सेंटाचा दहावा भाग

पस्तीस सालचा उन्हाळा सरत असताना
मिसूरी राज्यात एक नवं नाणं निघालं.
नाणं कसलं, पुठ्ठा.
दुधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा गोल पुठ्ठा,
नाव मिल.
दहा मिलचा एक सेंट.
एका मिलला काही येत नसे.
येत असे ते सरकार,
मिठाच्या पिशवीमागून हळूच,
लिओटा ब्रमफील्डच्या दुकानात.

दहा सेंटांचं मीठ, वर एक मिल.
मिल नसेल तर सेंट द्या, नऊ झाकणं परत घ्या.
पोरं त्यांचे डाव मांडायची.
चर्चच्या थाळीतही ती पडू लागली तेव्हा
पाद्री म्हणाला, देवाचा हिस्सा वेगळा, राज्याचा वेगळा,
आणि थाळी पुन्हा फिरवली.
रात्री दिवा बारीक करून लिओटा मोजायला बसे:
चार कमी.
कुणाच्या तरी खिशात, घामानं, लगदा झालेली चार.

एनॉस किट्रेल रोज भांडायला यायचा.
तंबाखू शेवटी मागायचा, भांडण संपल्यावर.
"माझा बाप कर भरायचा तो फावड्यानं.
वर्षाचे दोन दिवस काउंटीच्या रस्त्यावर,
खेचर स्वतःचं, डबा स्वतःचा.
संध्याकाळी मागं वळून पाहिलं
की भरलेला कर दिसायचा.
त्याच्यावरून चालत घरी यायचं."
"मग?"
"मग तो जमिनीवर बसला.
माणूस हाकेला ओ देणार नाही, लपेल,
जमीन कुठं लपणार?"

इथं तो नेहमी थांबायचा.
बत्तीस साली त्याची चाळीस एकर
कोर्टाच्या पायऱ्यांवर पुकारली होती,
थकलेल्या करापायी.
बोली लावायला तिघं आले होते.
त्यातला एक त्याचा साडू.

लिओटा काही बोलत नसे.
तिच्या गल्ल्याखाली बिस्किटांच्या डब्यात
अकरा चिठ्ठ्या होत्या,
शाळेच्या मास्तरीण व्हर्ना पोग हिच्या पगाराच्या.
तिजोरीत खडखडाट, म्हणून शाळामंडळानं
पैशाऐवजी सही दिली होती,
आणि लिओटानं सहीवर पीठ दिलं होतं,
रॉकेल दिलं होतं, एकदा बुटांचे तळवे.
या ऑक्टोबरात अकराही वटल्या.
कशावर, हे तिला ठाऊक होतं.
मिठावर. एनॉसच्या तंबाखूवर.
पण हे त्याला सांगायचं कसं?
ज्याची चाळीस एकर गेली
त्याला शाळेचा फळा दाखवून समजूत घालायची?

हिवाळ्यात एनॉस एक लिफाफा घेऊन आला.
टोपी हातात. भांडण नाही.
म्हातारपणाचं पेन्शन, राज्याकडून,
नऊ डॉलर.
तिनं नोटा दोनदा मोजल्या,
त्यानं एकदाही नाही.
मग तंबाखू मागितली, आज आधीच.
दहा सेंट ठेवले,
आणि खिसे चाचपत राहिला बराच वेळ,
जणू तिथं काही जिवंत दडलंय.
झाकण निघालं. कडेला कुरतडलेलं.

"हे इथून कुठं जातं?"
"जेफर्सन सिटीला."
"आणि तिथून?"
तिनं हनुवटीनं त्याच्या खिशाकडं दाखवलं.
तो खिशाकडं बघत राहिला,
मग दाराबाहेर, बर्फानं बुजलेल्या रस्त्याकडं,
जो त्याच्या बापानं दोन दोन दिवसांनी
तीस वर्षं खणला होता.
"एवढ्याला एवढा लांबचा फेरा," तो म्हणाला,
"माझा बाप हसला असता."
झाकण मात्र टेबलावर ठेवलं,
बोटानं सरळ करून.

त्या रात्री एक जास्त भरलं.
पहिल्यांदाच.
कोणत्या रकान्यात लिहायचं ते लिओटाला कळेना.
तिनं ते चिमटीत धरून दिव्यासमोर नेलं.
आरपार काही दिसलं नाही.
पुठ्ठाच तो.